सतरावा प्रश्न

२०२४ सालच्या आपल्या दिवाळी मेळाव्यात मुलांसाठी बुद्धिबळाची प्रश्नमंजूषा झाली होती, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. ज्यांना आठवत नसेल त्यांना त्यानंतरचे बटाटेवडे तरी नक्की आठवत असतील. एकूण वीस प्रश्न होते. दहा इतिहासाचे आणि दहा एंडगेमचे, म्हणजे पटावर मोजकेच मोहरे उरल्यावरच्या खेळाचे. प्रश्न मी काढले, उत्तरं मी तपासली आणि निकालही मीच दिला. त्यातल्या सतराव्या प्रश्नाचा निकाल मी चुकीचा दिला. संपादकांनी यंदा ‘बुद्धिबळाच्या इतिहासावर काहीतरी लिहा ना’ म्हणून फोन केला तेव्हा मी एरवीसारखे आढेवेढे घेतले नाहीत, त्याचं कारण हे.

प्रश्न असा होता: ‘लुसेना पोझिशन’ सर्वप्रथम कोणत्या पुस्तकात छापली गेली? माझ्या हातातल्या कार्डावर उत्तर होतं, लुसेना या स्पॅनिश लेखकाचं १४९७ सालचं पुस्तक. एका मुलानं नेमकं हेच सांगितलं आणि मी त्याला गुण दिला. मग बारा वर्षांच्या एका मुलीनं हात वर केला. ती म्हणाली, “काका, ती पोझिशन त्या पुस्तकात नाहीच आहे.” मी हसून म्हटलं, “अगं, नावच लुसेनाचं आहे ना!” हॉलमध्येही थोडं हसू झालं. ती खाली बसली. शेवटी त्या मुलाचे साडेसोळा गुण झाले, तिचे सोळा. ट्रॉफी त्याला मिळाली.

रात्री घरी आल्यावर झोप येईना. लेकानं घेऊन दिलेली एंडगेमची दोन जाडजूड पुस्तकं कपाटात होती, ती काढली. पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यात, बारीक टाइपातल्या टीपेत, ते होतं. मुलगी बरोबर होती.

झालं होतं ते असं. लुईस रामिरेझ दे लुसेना यानं १४९७ साली सालामांका इथे एक पुस्तक छापलं. नव्या पद्धतीच्या बुद्धिबळावरचं, आज उपलब्ध असलेलं ते सगळ्यात जुनं छापील पुस्तक. (त्याच्याही दोन वर्षं आधी व्हॅलेन्सियाला फ्रान्सेस्क विसेंटचं एक पुस्तक निघालं होतं, पण त्याची आज एकही प्रत सापडत नाही.) लुसेनाचं पुस्तक अर्धं प्रेमाबद्दल आणि अर्धं बुद्धिबळाबद्दल आहे. तरुणपणी दोन्ही विषय सारखेच अवघड वाटत असावेत. त्यात दीडशे कूटप्रश्न आहेत, पण जिला जग ‘लुसेना पोझिशन’ म्हणतं ती त्यात नाही. ती छापलेली दिसते ती सव्वाशेहून अधिक वर्षांनी, साल्व्हिओ नावाच्या इटालियन लेखकाच्या १६३४च्या पुस्तकात. आणि साल्व्हिओनं तिचं श्रेय स्वतःकडेही घेतलेलं नाही, ते त्यानं शिपिओने जेनोव्हिनो या दुसऱ्याच खेळाडूला दिलं आहे. म्हणजे ज्याचं नाव लागलं त्यानं ती दाखवली नाही, ज्यानं छापली त्यानं ती आपली म्हटली नाही, आणि ज्याची असावी त्याचं नाव कुणाला आठवत नाही.

ज्यांना बुद्धिबळात गती आहे त्यांच्यासाठी ही पोझिशन थोडक्यात सांगतो, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. दोन्हीकडे राजा आणि एकेक हत्ती. पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त, आणि ते वजीर व्हायला एकच घर उरलेलं. पण पांढरा राजा स्वतःच त्या प्याद्याच्या पुढच्या घरात उभा, म्हणजे दारातच आडवा पडलेला. काळा राजा जरा लांब, एका उभ्या पट्टीपलीकडे अडवलेला. पांढरा राजा बाहेर आला की काळा हत्ती शह देतो, परत आत जावं लागतं. मग पांढरा आपला हत्ती चौथ्या आडव्या पट्टीवर आणून ठेवतो आणि राजा बाहेर काढतो. शह बसत राहतात, राजा खाली खाली येतो, आणि शेवटच्या शहाला तो हत्ती मधे घालतो. शह संपले, प्याद्याचा वजीर झाला. याला ‘पूल बांधणे’ म्हणतात. हत्तींच्या एंडगेमचं निम्मं शास्त्र या पुलावर उभं आहे. उरलेलं निम्मं फिलिडोरच्या बचावावर.

फिलिडोर हा फ्रेंच माणूस, पेशानं संगीतकार. ऑपेरे लिहायचा आणि त्या काळातला सर्वोत्तम बुद्धिबळपटू होता. त्याचं पुस्तक १७४९चं, पण हत्तीचा तो प्रसिद्ध बचाव १७७७च्या सुधारित आवृत्तीत आहे. प्यादं कमी असलेल्यानं आपला हत्ती समोरच्या राजाच्या वाटेतल्या आडव्या पट्टीवर धरून ठेवायचा आणि राजाला पुढे येऊ द्यायचं नाही. प्यादं त्या पट्टीवर आलं की राजाला तिथे आडोसा उरत नाही. मग हत्ती पार दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत बसायचं. डाव बरोबरीत. हे खरोखरच फिलिडोरचं आहे. माझ्या यादीतल्या तेराव्या प्रश्नाचं हे उत्तर होतं आणि ते शाबूत राहिलं, एवढंच त्या रात्रीचं समाधान.

कारण एक उत्तर चुकलं म्हटल्यावर उरलेली एकोणीसही तपासायला घेतली. पहाटे चार वाजले. बायकोनं एकदा येऊन विचारलं, “मेळावा काल संपला ना?”

दुसरा घोटाळा निघाला आठव्या प्रश्नात. एका बाजूला राजा आणि दोन उंट, दुसरीकडे राजा आणि एक घोडा. प्यादी नाहीत. निकाल काय? कार्डावर लिहिलं होतं, सर्वसाधारणपणे बरोबरी. हे मी लहानपणापासून तसंच वाचत आलो होतो, आणि मीच काय, जगातले सगळेच. क्लिंग आणि होर्विट्झ या दोघांनी १८५१ साली एक पोझिशन दाखवली होती. तिच्यात घोडेवाल्यानं राजा आणि घोडा एका विशिष्ट जागी नेऊन ठेवला की दोन उंटांना काही करता येत नाही, असं मानलं जाई. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ मोठमोठ्या ग्रँडमास्टरांनी हे मान्य केलं. मग १९८३ साली अमेरिकेत केन थॉम्प्सन यानं संगणकाला उलटं चालायला लावलं. तोच थॉम्प्सन, युनिक्स बनवणारा. आपल्यातले आयटीवाले आता जागे झाले असतील. त्याची पद्धत सांगायला सोपी आहे. डावाच्या सुरुवातीपासून पुढे विचार करायचाच नाही. मात झालेल्या सगळ्या स्थिती आधी मांडायच्या, त्यांच्या एक चाल आधी काय होतं ते शोधायचं, मग दोन चाली आधी, असं मागे मागे जायचं. शेवटी त्या मोहऱ्यांची पटावर होऊ शकणारी प्रत्येक स्थिती हिशेबात येते. असा हिशेब झाला तेव्हा दोन उंट जिंकतात असं दिसलं. तो सुरक्षित किल्लाही फुटतो. फक्त वेळ लागतो, जास्तीत जास्त सहासष्ट चाली.

आणि इथे आणखी एक गंमत आहे. पन्नास चालीत एकही मोहरा मारला गेला नाही आणि एकही प्यादं हललं नाही तर डाव बरोबरीत, असा नियम आहे. मग सहासष्ट चालीत जिंकणारे उंट जिंकले म्हणायचे की नाही? जागतिक संघटनेनं काही ठरावीक एंडगेमसाठी ही मर्यादा वाढवून पाहिली. पण संगणक रोज नवी अपवादांची यादी द्यायला लागला, तेव्हा १९९२ साली सगळे अपवाद काढून टाकले आणि पुन्हा सरसकट पन्नास केले. पुढे २०१२ साली मॉस्को विद्यापीठातल्या ‘लोमोनोसोव्ह’ महासंगणकावर सात मोहऱ्यांपर्यंतचे सगळे एंडगेम सोडवून झाले. त्यात एक स्थिती अशी सापडली की दोन्ही बाजू अचूक खेळल्या तरी मात व्हायला पाचशेहून जास्त चाली लागतात. त्या चाली बघून माणसाला काही कळत नाही. मी पाहिल्यात. आपली बस चुकल्यावर दुसऱ्यांच्या बसचे नंबर वाचत बसावं तसं वाटतं.

म्हणून आठव्या प्रश्नाला ‘बरोबरी’ हे उत्तर पूर्ण चूक नाही, पण बरोबर म्हणायलाही जीभ कचरते. त्या प्रश्नाला मी आता कार्डावर दोन ओळी लिहिल्या आहेत.

अकराव्या प्रश्नाची मात्र मला काळजी नव्हती, कारण तो आपल्या गावचा होता. इथे ग्लासगोला येऊन मला एकोणतीस वर्षं झाली. पाऊस, कबड्डी न समजणारे शेजारी, आणि नारळ महाग, या तीन तक्रारी सोडल्या तर गावाबद्दल वाईट बोलायला मला आवडत नाही. पण बुद्धिबळाच्या इतिहासात ग्लासगोचं नाव ज्यामुळे अमर झालं ती एक चाल इथल्याच वर्तमानपत्रात १८९५ साली छापली गेली, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

बार्बिए नावाचे एक गृहस्थ ‘ग्लासगो वीकली सिटिझन’मध्ये बुद्धिबळाचं सदर लिहीत. वीस वर्षांपूर्वीच्या, म्हणजे १८७५च्या फेंटन विरुद्ध पॉटर या डावाच्या शेवटावरून त्यांनी एक कोडं दिलं. पांढऱ्याकडे राजा आणि वजीर व्हायला एक घर उरलेलं सी पट्टीवरचं प्यादं. काळ्याकडे राजा आणि हत्ती. काळ्याची चाल, बरोबरी करून दाखवा. उत्तर फार सुंदर होतं. काळा हत्ती शहावर शह देत पांढऱ्या राजाला खाली आणतो, आणि मग असा उभा राहतो की पांढऱ्यानं प्याद्याचा वजीर केला रे केला, की हत्ती त्या वजिरापुढे जाऊन स्वतःला मारून घेतो. वजिरानं हत्ती मारला की काळ्या राजाला शह नाही पण हलायला घरही नाही. स्टेलमेट. बरोबरी.

त्या वेळी ग्लासगोत फर्नांडो साव्हेद्रा नावाचे एक स्पॅनिश धर्मगुरू राहत होते. खेळाडू म्हणून बेताचेच. त्यांच्या लक्षात आलं की वजीर करायचाच कशाला? प्याद्याचा हत्ती करायचा. मग स्टेलमेट होत नाही. पांढऱ्याची पुढच्या चालीत कडेच्या पट्टीवर मात करायची धमकी येते. काळा हत्ती ती थोपवायला धावतो, आणि पांढरा राजा एक घर सरकतो. आता मातही आहे आणि हत्तीवरही डोळा आहे. दोन्ही वाचत नाहीत. पांढरा जिंकला. बरोबरीचं कोडं एका चालीनं विजयाचं कोडं झालं. साव्हेद्रांचं नाव बुद्धिबळाच्या प्रत्येक पुस्तकात या एका चालीसाठी येतं, दुसऱ्या कशासाठीही नाही.

हे मी प्रश्नमंजूषेत पटावर मांडलं होतं आणि चार मुलांना ते सुटलं. पण खरं सांगायचं तर हे कोडं मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमचे आजोबा आठवले. आजोबा हे कधीच मान्य करणार नाहीत, असं वाटलं.

आजोबा सांगलीचे. सांगलीला बुद्धिबळाचं वेड जुनं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथे मुलांना जमवून जे काम केलं त्यामुळे गावाचं नाव पुढे देशभर झालं. पण आजोबा त्याही आधीच्या पिढीतले, आणि त्यांचा खेळ देशी पद्धतीचा. वाड्याच्या ओसरीवर कापडी पट अंथरायचा, त्यावर लाकडी मोहरे. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं. कॅसलिंग नाही. त्याऐवजी राजाला, एकदाही शह लागलेला नसेल तर, आयुष्यात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. आणि प्यादं पलीकडे पोचलं की सरसकट वजीर होत नाही. ज्या पट्टीवर पोचलं त्या पट्टीचा मूळ मालक जो मोहरा, तोच ते होतं. हत्तीच्या पट्टीवर हत्ती, घोड्याच्या पट्टीवर घोडा. वजीर हवा असेल तर मधल्या पट्टीनं मारामारी करत जा. आणि मात करायचीच तर प्याद्यानं केलेली मात सगळ्यात मानाची. आजोबा जिंकत असलेला डावही दहा चाली लांबवायचे, प्याद्यानं मात करता यावी म्हणून. समोरचा कंटाळून उठायचा.

आता साव्हेद्रांचं प्यादं सी पट्टीवर आहे. ती उंटाची पट्टी. म्हणजे आजोबांच्या पटावर तिथे वजीरही नाही आणि हत्तीही नाही, उंट होणार, आणि एकट्या उंटानं समोर हत्ती असताना काय जिंकणार? त्याहून गंमत इंग्लंडची. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून जवळजवळ दोनशे वर्षं इंग्लंडात असा नियम होता की ज्याचा राजा स्टेलमेट झाला तो जिंकला! समोरच्याला असं कोंडणं म्हणजे कोंडणाऱ्याचीच चूक धरत. १८०८च्या सुमारास लंडनमध्ये सॅरटनं बरोबरीचा नियम आणला तोवर हे चाललं. म्हणजे पट तोच, मोहरे तेच चार. प्याद्याचा वजीर केला तर आजच्या नियमानं बरोबरी, आणि जुन्या इंग्लिश नियमानं काळ्याचा विजय. देशी नियमानं तर वजीर करायची परवानगीच नाही. एंडगेममध्ये सत्य एकच असतं असं मी मुलांना नेहमी सांगत असे. नियम कुठले आणि कधीचे हे सांगितल्यावर एकच असतं, असं म्हणायला पाहिजे होतं.

आपल्या देशी खेळाची नोंद कुठे सापडते हा प्रश्न मला मग सुटेना. थोडं वाचलं. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त बुद्धिबळ आहे. सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टांनी ‘भगवंतभास्कर’ नावाचा मोठा धर्मशास्त्राचा ग्रंथ लिहिला, त्यातल्या ‘नीतिमयूख’ भागात राजाच्या करमणुकीत बुद्धिबळाची माहिती दिली आहे. हे भट्ट मूळचे पैठणचे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. आणि १८१४ साली मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचं भाषांतर. त्यात मुख्यतः पटावरच्या अवघड स्थिती आणि त्यांची उत्तरं आहेत. त्याच्या इंग्रजी नावातच ‘युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेले’ असं म्हटलं आहे. कुणासाठी आणि का जुळवून घेतलं ते वेगळं सांगायला नको.

ही जुनी कोडी केवढी टिकतात याचं एक उदाहरण प्रश्नमंजूषेत होतं, ते इथे घालतोच. दहाव्या शतकात बगदादच्या खलिफाच्या दरबारात अस-सूली नावाचा खेळाडू होता. तेव्हाचा वजीर आजच्यासारखा पटभर धावणारा नव्हता. तिरपं एक घर, बस्स. त्याला युरोपात आजची ताकद मिळाली पंधराव्या शतकाच्या शेवटी. अस-सूलीनं दोन राजे आणि असे दोन अशक्त वजीर घेऊन एक कोडं मांडलं. मी शिकवल्याशिवाय हे कुणाला सुटणार नाही, अशी त्याची फुशारकी होती. समोरचा वजीर मारून त्याचा राजा एकटा पाडायचा, त्या काळी तोही विजयच. चारच मोहरे. ते कोडं हजार वर्षं कुणाला नीट सुटलं नाही. १९८०च्या दशकात रशियन ग्रँडमास्टर युरी अव्हेरबाख यांनी ते सोडवून दाखवलं. अव्हेरबाख २०२२ साली वारले, वयाची शंभरी ओलांडून. बाराव्या प्रश्नाचं हे उत्तर होतं आणि ते एकालाही आलं नाही, त्या मुलीलाही नाही. हे मी जरा समाधानानं लिहितोय, तेवढं माफ करा.

तिसरा घोटाळा सुलतान खानचा. हा प्रश्न मी मुद्दाम घातला होता, कारण देशी पटावर वाढलेल्या माणसानं युरोपीय पटावर काय केलं त्याचं याहून मोठं उदाहरण नाही. तो पंजाबातल्या मिठा टिवाण्याचा. देशी नियमांवर तयार झाला, नवे नियम नंतर शिकला. सर उमर हयात खान त्याला १९२९ साली इंग्लंडात घेऊन आले आणि त्याच वर्षी रॅम्सगेटला तो ब्रिटिश विजेता झाला. १९३२ आणि १९३३ला पुन्हा झाला. १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यानं कापाब्लांकाला हरवलं. जो कापाब्लांका एंडगेमचा राजा, ज्याला हरवणं म्हणजे भिंतीला हरवणं, त्याला. ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडकडून पहिल्या पटावर खेळला. डावाची सुरुवात त्याला कच्चीच जमे, पण मधला आणि शेवटचा भाग तो समोरच्याचा जीव घेईपर्यंत खेळे. १९३३ संपता संपता मालकाबरोबर भारतात परतला. १९३५ साली आपल्या व्ही. के. खाडिलकरांशी दहा डावांचा सामना झाला. खाडिलकर काही लेचेपेचे नव्हते, तरी त्यांच्या वाट्याला फक्त एक बरोबरी आली. त्यानंतर सुलतान खान मोठ्या पटावरून नाहीसाच झाला आणि १९६६ साली सरगोध्याला वारला.

तो नोकर होता, अडाणी होता, मालकाच्या पंक्तीत वाढप्याचं काम करायचा, अशा गोष्टी पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरत आल्या आहेत. मीही मुलांना त्या रंगवून सांगितल्या होत्या. अलीकडे त्याच्या नातीनं याला लेखी हरकत घेतली आहे. घराणं जमीनदारांचं आणि पिरांचं होतं, आजोबांना लिहिता-वाचता येत होतं, असं तिचं म्हणणं. इंग्रज पत्रकारांनी फेटा पाहिला आणि पुढची गोष्ट आपोआप लिहिली, असं मला वाटतं. लुसेनाचं जसं झालं तसंच. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं उतरवलं, आणि मी ग्लासगोच्या भाड्याच्या हॉलमध्ये मायक्रोफोन हातात घेऊन ते पुढे सरकवलं.

प्रश्न होता, ‘सुलतान खान ग्रँडमास्टर होता का?’ माझ्या कार्डावर ‘नाही’. सगळ्या मुलांनी ‘नाही’ लिहिलं, सगळ्यांना गुण. आणि सगळेच चुकलो होतो, कारण फेब्रुवारी २०२४मध्ये, आपल्या मेळाव्याच्या आठ-नऊ महिने आधी, जागतिक संघटनेनं त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं होतं. अठ्ठावन्न वर्षं उशिरा का होईना. माझं कार्ड त्याहून जुनं होतं.

तर दुसऱ्या रविवारी मी त्या मुलीच्या घरी गेलो. जाताना पुस्तक घेतलं, टीपेत खूण घालून. तिच्या आईला वाटलं मी वर्गणीला आलो. मुलीला मी सांगितलं की तू बरोबर होतीस आणि मी चुकलो. ती म्हणाली, “माहितीये.” तिनं लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकात तीच माहिती होती. मग तू वाद का नाही घातलास, असं विचारलं तर म्हणाली, “सगळे हसले ना, काका.”

याच्यावर मला काही बोलता आलं नाही. मी दुसरी ट्रॉफी आणतो म्हटलं. ती नको म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “तुम्ही सगळ्यांसमोर सांगाल का?”

त्या मुलाच्या घरीही फोन केला. त्याच्या वडिलांना आधी जरा राग आला, आणि तो रास्तच होता. ट्रॉफी शाळेत नेऊन दाखवून झाली होती, आजी-आजोबांना फोटो गेले होते. ट्रॉफी त्याच्याकडेच राहू दे असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं. त्यानं पुस्तकात जे आहे असं सगळे सांगतात तेच सांगितलं होतं, त्याचा काय दोष?

२०२५च्या जुलैत बाटुमीला महिला विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. कोनेरू हम्पी विरुद्ध आपली नागपूरची दिव्या देशमुख. दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले, टायब्रेक झाला. तो २८ जुलैचा दिवस, सोमवार. मी ऑफिसात एका खिडकीत डाव उघडा ठेवून दुसरीत काम करत होतो, काम जास्त करत नव्हतो. दुसरा जलद डाव एंडगेमपर्यंत गेला, घड्याळं संपत आली, आणि तिथेच निकाल लागला. एकोणीस वर्षांची दिव्या विश्वचषक जिंकली आणि त्याच दिवशी ग्रँडमास्टरही झाली. खाडिलकर भगिनी पुरुषांच्या स्पर्धांत उतरल्या तेव्हा केवढं वादळ झालं होतं ते आमच्या पिढीला आठवतं, रोहिणी खाडिलकर १९८१ला आशियाई विजेती झाली तेही आठवतं. मला तिन्ही बहिणींची नावं डोळ्यांसमोर आली. तेवढ्यात फोनवर त्या मुलीचा निरोप आला, शाळेला सुट्टी होती: ‘काका, बघताय ना?’

बघत होतो.

तर सगळ्यांसमोर सांगतो. सतराव्या प्रश्नाचं माझ्या कार्डावरचं उत्तर चूक होतं. ‘लुसेना पोझिशन’ लुसेनाच्या पुस्तकात नाही, ती सापडते साल्व्हिओच्या १६३४च्या पुस्तकात. तिचं उत्तर बरोबर होतं, म्हणून तिचे गुण सोळा नव्हे, सतरा. सुलतान खानच्या प्रश्नाचा एकेक गुण सगळ्यांचाच कापायला हवा, पण तो मी माझ्या खात्यातून कापून घेतला आहे.

यंदाच्या प्रश्नमंजूषेचे प्रश्न ती काढते आहे. मला घड्याळ सांभाळायचं काम दिलंय. उत्तरांची कार्डं ती मला दाखवत नाही.